बाबांची झोप साहेबांना दाखवली

ऐंशी सालाच्या आसपास बाबा तुमसरच्या एका राईस मिलमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर कामाला होते. सेठची पाठ वळली की ते पट्ट्याशेजारच्या पोत्यावर टेकत, आणि टेकले की झोपत. घरी घास हातात धरून झोपत. जोरात घोरत, मग मध्येच श्वास थांबे आणि गुदमरल्यासारखा परत सुरू होई. आईला एकच धास्ती होती, एखाद्या दिवशी यांचा हात पट्ट्यात जाणार. बाकी सगळ्यांना बाबांचा हेवा वाटे. शेजारचे काका म्हणत, आमचा डोळ्याला डोळा लागत नाही आणि ही बाई झोपेवर औषध मागते.

गावातल्या डॉक्टरांनी ताकदीचं टॉनिक दिलं. बाटली संपली तेव्हा दुसरी दिली. तीही संपल्यावर भंडाऱ्याला जा म्हणाले. तिथे नागपूरचे मोठे डॉक्टर गुरुवारी येत. आम्ही गेलो त्या गुरुवारी ते आले नाहीत. पुढे धानाचा हंगाम लागला, मिल रात्रंदिवस चालायला लागली, आणि सुट्टी मागायची कुणाची छाती होईना. हंगाम सरल्यावर गेलो तर डॉक्टरांचा वार बदलला होता. कंपाउंडर म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी भेट झाली, तर बाबा टक्क जागे. साहेबापुढे बसायचं नाही, ही मिलमधली रीत त्यांच्या अंगात मुरलेली. डॉक्टर बसा म्हणाले तरी ते टोपी हातात घेऊन उभेच राहिले.

"मले काही नाही साहेब, घरचीच उगीच भेते," असंही वर सांगून टाकलं.

आईचं बोलणं डॉक्टरांनी अर्धवट ऐकलं आणि टॉनिक दिलं. तीच बाटली. मी शाळकरी मुलगी, पण ती एसटी स्टँडवरच आपटावी असं मला फार वाटलं.

तीन-चार महिन्यांनी आई त्यांना पुन्हा घेऊन गेली. आम्ही आत गेलो आणि डॉक्टरांना कुणीतरी बाहेर बोलावलं. खोलीत साहेब नाही म्हटल्यावर बाबा स्टुलावर टेकले. भिंतीला डोकं लागायच्या आत घोरायला लागले.

डॉक्टर परतले तेव्हा मी बाबांना हलवायला गेले. आईनं माझा हात धरला.

"यायले उठवू नका, साहेब," ती म्हणाली. "हेच दाखवाले आणलं होतं."

डॉक्टर उभ्या उभ्या बघत राहिले. घोरणं थांबलं. श्वासही थांबला. डॉक्टर दोन पावलं पुढे आले, तेवढ्यात बाबा मोठ्यानं गुरगुरले आणि श्वास सुरू झाला. मग डॉक्टरांनी आईला सगळं पहिल्यापासून विचारलं. नागपूरला तपासणी करावी लागेल म्हणाले, तिथेही नंबर लागायला वेळ लागेल.

"आणि उद्यापासून यांना पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका."

आई दोन वर्षं हेच सांगत होती. पण साहेबाच्या तोंडून ते ऐकल्यावर तिला तिथेच रडू कोसळलं. बाबा झोपलेलेच होते.