मर्डोचा मेलेला नेचा

मर्डो गिलख्रिस्टने चाळीस वर्षं डोंगरावरून मेंढ्या हाकून खाली आणल्या, आणि मेंढीबद्दल एक चांगला शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नाही. मेंढी जे खाते त्याची मात्र त्याला खडान्‌खडा माहिती. माझं घर त्याच्या कुंपणाला लागून, त्यामुळे ही माहिती मला सव्वीस वर्षं फुकट आणि न मागता मिळते आहे.

ही विद्या त्याने मिळवली ती पडून. बाकीचे गडी दगडांवरून घसरले की शिव्या द्यायचे. मर्डो पडल्या पडल्या नाकासमोर काय उगवलंय ते बघून घ्यायचा. तो इतक्या वेळा पडला की शिक्षण आपोआप पुरं झालं, आणि गुडघाही.

गुडघ्याने कायमचा राजीनामा द्यायच्या आधी, म्हणजे गेल्या फेब्रुवारीत, तो शेवटचा डोंगरावर गेला. जमीनमालकाला विचारून खिंडीखालच्या दगडांच्या कपारीतून नेच्याचा, म्हणजे फर्नचा, एक गड्डा घेऊन आला. घराच्या दक्षिणेला, जिथे आमच्या दक्षिण गोलार्धात ऊन वाट चुकूनही येत नाही, तिथे एक जुना टब होता. त्यात खडी भरून त्याने तो लावला. आंघोळीसाठी मर्डोने त्या टबाची एवढी काळजी कधी घेतली नव्हती.

मार्चमध्ये वनस्पती क्लबच्या सभेला तो एक पान घेऊन गेला. क्लबची अध्यक्ष डल्सी मॅकअर्डल. तीस वर्षं शाळेत शिकवलंय, गळ्यात भिंग असतं, आणि त्यातून ती पानं आणि माणसं सारख्याच नजरेने बघते.

"काटेरी ढालनेचा," डल्सी म्हणाली. "थंडीने खुजा राहिलाय. खालच्या ओढ्यात गाडीभर मिळेल."

"हात लावून बघ. टोचतोय?"

"कोवळा आहे म्हणून टोचत नाही, मर्डो. लहानपणी तूही गोड असशील."

सगळी सभा हसली. मी सर्वांत जास्त वेळ हसलो, कारण चीज रोल घशात अडकला होता.

"हा उंचावरचा ढालनेचा आहे," मर्डो म्हणाला. "हिवाळ्यात पार वाळतो, वसंतात परत येतो. तुझा काटेरी बारा महिने हिरवा असतो. वाट बघ."

"बघते. परत आला तर त्याचं पान तुझ्या नावाने क्लबच्या कपाटात लावीन. नाही आला तर सभेत तू तोंड उघडायचं नाहीस."

"कबूल."

गावाने हा सौदा आनंदाने पाहिला, कारण कसंही झालं तरी आमचा फायदाच होता. मर्डोचं तसं नव्हतं. वरचा डोंगर त्याच्यासाठी संपला होता. त्यातलं एवढंच खाली सोबत आलं होतं.

मे महिन्यात, म्हणजे आमच्या हिवाळ्याच्या तोंडावर, नेचा तपकिरी होऊन आडवा झाला. आमच्या रानात सगळं बारमाही हिरवं. तपकिरी झालेलं काही दिसलं की आम्ही मयताला काढतात तशी टोपी काढतो. लोक कुंपणापाशी येऊन सांत्वन करायला लागले, आणि मर्डो नवरदेवासारखा खुश!

जुलैत गुडघा बदलायला त्याला डनेडिनच्या इस्पितळात बोलावणं आलं. जाताना मला म्हणाला, "अर्नी, टबाला हात लावायचा नाही. पाणी नको, खत नको, दया नको."

"मी आहे ना," मी म्हणालो.

आता आमच्याकडची रीत अशी, की गावातलं कुणी इस्पितळात गेलं की पहिल्या शनिवारी सगळा गाव दाताळी-फावडी घेऊन त्याच्या आवारात शिरतो. माणूस बरा होवो न होवो, आवार चकचकीत झालंच पाहिजे. सतराजण आले. मी मर्डोच्या स्वयंपाकघरात चीज रोल भाजत होतो आणि पोस्टमनच्या दुसऱ्या लग्नाची हकिगत चारजणांना सांगत होतो. हकिगत लांबली. तो दोष माझा नाही, लग्नच तसं होतं.

बाहेर येऊन बघतो तर टबात पिवळ्या-जांभळ्या फुलांच्या पॅन्सी, शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या. शेजारी कमरेवर हात ठेवून डल्सी.

"मेलेलं ते काढून टाकलं मी," ती म्हणाली. "वसंतात चारचौघांत त्याचं हसं होण्यापेक्षा हे बरं. सौदा मी विसरले म्हणून सांगेन त्याला."

"डल्सी, ते मेलेलं नव्हतं गं! म्हणजे मेलेलंच होतं, पण तसंच असायला हवं होतं ना!"

"अर्नी, तू शेरी घेतलीयस का?"

टाकलं कुठे? तिच्याच खताच्या ढिगावर. गावभरचा पालापाचोळा तिथेच जातो. त्या दिवशी चार गाड्या गेल्या होत्या. मी संध्याकाळपर्यंत उकरलं. बटाट्याची सालं मिळाली, माझाच हरवलेला हातमोजा मिळाला, नेचा काही मिळाला नाही.

मर्डो काठी टेकत परतला. मी सगळं सांगितलं. तो पॅन्सींकडे बघून म्हणाला, "छान आहेत." हा शब्द तो फक्त मेंढ्यांच्या बाजारात, दुसऱ्याच्या मेंढ्यांबद्दल वापरतो.

डल्सीने सौदा विसरल्याचं सांगितलं. "मी नाही विसरलो," मर्डो म्हणाला आणि ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन सभा तोंड मिटून बसला. डल्सीने मुद्दाम दोन नावं चुकीची सांगितली, तरी नाही बोलला. कुंपणापलीकडूनही काही ऐकू येईना. सव्वीस वर्षं ज्या शांततेसाठी मी देवाची करुणा भाकली, ती मिळाली, आणि तीन महिन्यांत मला नकोशी झाली.

नोव्हेंबरात, वसंत सरता सरता, एका सकाळी डल्सी हातगाडी ढकलत आली. गाडीत खताचं ढेकूळ, आणि त्यातून वर आलेली कोवळी, गुंडाळलेली, केसाळ पानं.

"ढिगाच्या सावलीकडच्या अंगाला होता," ती म्हणाली. "तीन दिवस भिंगातून बघतेय."

"मग?" मर्डोने विचारलं.

"देठावरचे खवले एकाच रंगाचे, पिंगट. काटेरीचे मध्ये काळपट असतात."

"आणि?"

"मऊ आहे."

"आणि?"

"पानाखालच्या बीजाणूंच्या ठिपक्यांवर टोपणं यायला जानेवारी उजाडेल. तोवर मी एक शब्द बोलणार नाही."

"तू? बोलणार नाहीस?" मर्डोचा चेहरा उजळला. मला वाटतं नव्या गुडघ्यापेक्षा याच वाक्याने त्याची तब्येत जास्त सुधारली.

पॅन्सी निघाल्या, नेचा टबात गेला. जानेवारीत टोपणं आली: फिकट, फुगीर, फुग्यांसारखी टरारलेली; काटेरीची चपटी असतात. डल्सीने एक पान दाबून वाळवलं आणि भरसभेत कागदावर चिकटवलं. नाव: उंचावरचा ढालनेचा. शोधणारा: मर्डो गिलख्रिस्ट.

"ठिकाण लिही, खिंडीखालची कपार," मी मागून सुचवलं.

"खोटं कसं लिहू? हे पान तिथे उगवलेलं नाही." शाळामास्तरीण ती. दात-ओठ खात, सुवाच्य अक्षरात तिने लिहिलं: डल्सी मॅकअर्डलचा उकिरडा, उंची तीनशे दहा मीटर.

मर्डो काठीवर रेलून उठला, कागद लांबून बघितला, आणि इतक्या महिन्यांनी त्याने सभेत तोंड उघडलं.

"उंची चुकलीय," तो म्हणाला. "यंदा ढीग दीड मीटरने वाढलाय."