बादली सरकवणारा चोर

क्रेनवाल्यांच्या अंगणात चोर येतो, याबद्दल क्रेनवाल्यांना तिळमात्र शंका नव्हती. शंका बाकीच्यांना होती, कारण हा चोर नेत काहीच नसे. तो फक्त वस्तू सरकवायचा. नळाखालची बादली हातभर पुढे, कुंडी ऐन वाटेत, पाण्याच्या पाइपाचं वेटोळं नेमकं पायरीच्या टोकाशी. सकाळी क्रेनवाले फाटकावरच्या पेटीतून पेपर काढायला निघाले, की यातली एखादी वस्तू त्यांच्या डाव्या नडगीवर चाल करून येई. रोज नव्हे, पण आठवड्यातून एकदा-दोनदा ठरलेलंच. मग क्रेनवाल्यांच्या तोंडाचा पट्टा सुटे, तो चहा गार होईपर्यंत.

“घरात माणसं दोन,” ते बायकोला म्हणत. “तू ठेवली नाहीस, मी ठेवली नाही. मग बादलीला काय पाय फुटले?”

“नाही फुटले. चहा घ्या,” बायको म्हणे.

एकतीस वर्षं त्यांनी बंदरावर क्रेन चालवली होती. पाच-सहा मजले उंच काचेच्या केबिनमध्ये बसून, पायांमधल्या काचेतून खाली बघत, ट्रकएवढे डबे जहाजातून उचलायचे आणि गाडीवर अलगद ठेवायचे. एकही डबा पडला नाही, एकाही माणसाला खरचटलं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि न विचारता सांगत. सगळी गल्ली त्यांना क्रेनवाले म्हणूनच ओळखे. नजरेचा त्यांना भारी गर्व होता. लग्नाच्या जेवणात पलीकडच्या पंगतीतल्या माणसाच्या ताटात काय उरलंय, हे बसल्या जागेवरून सांगून त्यांनी बायकोला कैक वेळा शरमेनं मान खाली घालायला लावली होती.

अशा माणसाला लेकीनं फोनवर सुचवलं, “बाबा, एकदा डोळे दाखवून या ना.” क्रेनवाल्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि दोन दिवस लेकीशी बोलले नाहीत.

आता क्रेनवाल्यांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्या धंद्यात डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे केबिनमधून खाली उतरवणारा माणूस. त्यांच्या उस्तादाला असंच एका दुपारी तपासायला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो खालच्या शेडमध्ये पावत्यांवर शिक्के मारताना दिसला. तीन वर्षं शिक्के मारले त्यानं. वर बघायचा नाही. क्रेनवाले निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, उतरायला आता केबिनही उरली नव्हती, पण त्या शिक्क्यांची धास्ती गेली नव्हती. वर्षभरापूर्वी डावीकडून आलेली एक स्कूटर त्यांना अंगाला घासून जाईपर्यंत दिसलीच नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी सायकल बंद केली आणि सगळ्यांना सांगितलं, गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत होता.

तर चोर पकडायला कॅमेरा हवा, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

कॅमेरावाला आला. चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा, शांत माणूस. असल्या धंद्यात शांत राहणं भाग असतं, कारण गिऱ्हाईक बहुतेक वेळा कुणावर तरी भडकूनच फोन करतं.

“काका, तुमचं अंगण केवढं? समोर एक आणि कोपऱ्यात एक, असे दोन साधे कॅमेरे लावू. सगळं कव्हर होईल.”

“ते हलतात का?”

“नाही हलत.”

“मग ते काय कामाचे? चोर हलतो आणि कॅमेरा हलत नाही?”

मग कॅमेरावाल्यानं फिरत्या कॅमेऱ्याचा फोटो दाखवला. गोल डोकं, डावीकडे-उजवीकडे फिरणार, वर-खाली बघणार, लांबचं जवळ आणणार. माणूस हलला की आपण होऊन त्याच्यामागे मान वळवणार. क्रेनवाल्यांचे डोळे लकाकले. पुढचा तासभर त्यांनी त्या बिचाऱ्याची अशी उलटतपासणी घेतली, की बायकोला दोनदा चहा टाकावा लागला. झूम भिंगाचा आहे की नुसतं चित्र मोठं करून दाखवतो? भिंगाचा. चित्र ताणून मोठं केलं तर माणसाचे ठिपके होतात, ते नको. पाऊस-धूळ आत जाते का? नाही. वायफायवर चालतो का? चालतो, पण वायर टाकलेली बरी, एकाच वायरीतून वीजही जाते आणि चित्रही येतं. आणि चालवायचा कशानं?

“मोबाइलवर बोट फिरवायचं, काका.”

“बोट? क्रेनसारखा दांडा नाही?”

“दांडा असतो, पण तो मोठमोठ्या दुकानांच्या कंट्रोल रूममध्ये. घरी कोण घेतं?”

“मी घेतो,” क्रेनवाले म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला.

भांडण झालं ते उंचीवरून. कॅमेरावाल्याचं म्हणणं, दरवाजावरच्या छज्ज्याखाली लावू, म्हणजे चेहरे नीट दिसतील. क्रेनवाल्यांचं म्हणणं, गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी खांब रोवायचा आणि त्याच्या टोकाला लावायचा.

“काका, तिथून नुसती टाळकी दिसतील.”

“मग? एकतीस वर्षं मी टाळकीच बघितली. खालचे दोनशे लोक मी वरून ओळखायचो. कोण कसा चालतो, कोणाचा खांदा पडलेला, कोण रात्रीची उतरली नसताना आलाय. चेहरा काय, तोंडदेखला असतो. माणूस वरून खरा कळतो.”

“पोलिसांना टाळकं दाखवणार का?”

“पोलिसांना कशाला, मीच ओळखेन ना!”

कॅमेरावाल्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला, क्रेनवाल्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि परत कपाळावर ठेवला. खांब रोवायला अर्धा दिवस गेला. वायर टाकीच्या पाइपाला बांधत खाली आणली, भोकात पाणी शिरू नये म्हणून सिलिकॉन भरलं. शेजारच्या मास्तरांच्या न्हाणीघराची खिडकी कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत होती, तिच्यावर पडद्यावर काळा चौकोन टाकून ती झाकली. तरी मास्तरांनी त्या खिडकीला आतून वर्तमानपत्र चिकटवलंच. क्रेनवाले स्वतः शिडी चढायला निघाले, तेव्हा बायको शिडीच्या पहिल्या पायरीवर बसली आणि उठेना. “मला दम लागलाय,” म्हणाली. ती तोवर नुसती उभी होती.

संध्याकाळी टीव्हीवर अंगण आलं. क्रेनवाल्यांनी दांड्यावर हात ठेवला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांतला ताठा उतरला. दांडा डावीकडे, अंगण डावीकडे. अंगठ्यानं दांड्यावरचं चक्र फिरवलं की फाटकाची कडी हाताशी. चार दिवस त्यांनी जेवणही तिथेच केलं. भाजीवाला, पोस्टमन, मास्तरांची मांजर, सगळ्यांना त्यांनी वरून ओळखलं, एकदाही चुकले नाहीत. रेकॉर्डिंग बघताना बायको दिसली की तो तुकडा मात्र पुढे ढकलत. घरच्या माणसावर कसली पाळत ठेवायची!

मधल्या काळात एकदा बादली आडवी आलीच, आणि पडद्यावर चोर काही दिसेना. क्रेनवाल्यांचा तिळपापड झाला. शेवटी आठव्या दिवशी दुपारी ते आठवड्याचं सगळं रेकॉर्डिंग घेऊन बसले, आणि तासाभरानं असे ओरडले की बायको हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आली.

“सापडला! बघ!”

पडद्यावर घराच्या मागल्या बाजूनं एक म्हातारा येत होता. वरून त्याचं टक्कल आणि दोन खांदे तेवढे दिसत होते. कॅमेरा आज्ञाधारकपणे त्याच्यामागे मान वळवत होता. म्हातारा डावा हात भिंतीवरून चाचपत आला, कुंडीवर आदळला, थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि कुंडी पायानं बाजूला लोटून पडद्याबाहेर गेला.

“भरदिवसा!” क्रेनवाले म्हणाले. “बघितलंस कसा चोरासारखा इकडेतिकडे बघतोय? आणि सांगू का, याला डावीकडचं दिसतच नाही. सारखी मान तिकडे वळवतोय, भिंत चाचपतोय. एवढी मोठी कुंडी दिसली नाही त्याला! असल्या माणसाला मी हुकाखाली फिरकू दिलं नसतं. मरेल एखाद दिवस.”

बायकोनं खिडकीतून बाहेर पाहिलं.

“ओळखीचा नाही. या गल्लीतला नाहीच. तुला माहिती आहे का हा टकल्या?”

“आहे,” बायको म्हणाली. “त्याच्या अंगातला शर्ट बाहेर दोरीवर वाळतोय.”

क्रेनवाल्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दोरीवर त्यांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. त्यांनी परत पडद्याकडे पाहिलं. मग हात वर नेऊन स्वतःच्या डोक्याचा मागला भाग चाचपला. दोनशे माणसांना वरून ओळखणाऱ्या या माणसानं स्वतःला वरून कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी दांडा धरला आणि पुढे ढकललेले तुकडे मागे आणून बघायला सुरुवात केली. सोमवार सकाळ. दार उघडतं, बायको बाहेर येते. बादली उचलून नळामागे ठेवते, पाइप गुंडाळून भिंतीशी टाकते, वाटेवर पडलेली फांदी उचलते, मागे वळून वाट एकदा बघते आणि आत जाते. दोन मिनिटांनी क्रेनवाले येतात आणि मजेत फाटकापर्यंत चालत जातात. मंगळवार सकाळ, तेच. बुधवार, तेच. गुरुवारी ती बाहेर आली, पण आत फोन वाजला असावा. ती बादली न उचलताच पळत आत गेली. बादली आडवी आली होती ती गुरुवारीच.

“कधीपासून चाललंय हे?” त्यांनी विचारलं.

“दीड वर्ष होईल.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर ऐकलं असतंत? लेक एकदा बोलली, तर तिच्याशी अबोला धरलात.” तिनं कणकेचा हात पदराला पुसला, आणि ते लक्षात येऊन आणखीच चिडली. “खरं सांगू? मलाही ऐकायचं नव्हतं. डॉक्टर काय म्हणेल याची मला तुमच्याइतकीच भीती वाटायची. म्हणून वस्तू उचलत बसले. वस्तू कसल्या उचलायच्या? तुम्हालाच उचलून न्यायला हवं होतं मी.” आणि ती रडायला लागली.

क्रेनवाल्यांना रडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे कधीच जमलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातला कणकेचा गोळा काढून घेतला आणि तोच धरून उभे राहिले.

“उद्या जाऊ,” ते म्हणाले.

“आज,” ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी भिंगातून डोळ्यांच्या आत खोलवर पाहिलं आणि सांगितलं, काचबिंदू दिसतोय. आतला दाब वाढून डोळ्याची नस सुकत जाते, कडेची नजर आधी जाते, आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधानं राखता येतं. नेमकं उरलंय किती, ते बघायला एक तपासणी करू.

त्यांना अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणी घेणाऱ्या बाई शेजारीच बसल्या. बायको दाराबाहेर बाकावर होती, दार किलकिलं होतं.

उजव्या डोळ्याचं बरं चाललं. टक, टक, मधे जरा थांबून टक. मग डाव्याची पाळी आली. दोन-तीनदा टक झालं, आणि मग आवाज थांबला.

उजेड साधारण किती वेळानं चमकतो, याचा अंदाज क्रेनवाल्यांना एव्हाना पक्का आला होता. आयुष्यभर त्यांनी आंधळ्या कोपऱ्यातले डबे अंदाजानंच उतरवले होते, तेही अचूक. आता डोळा मिटूनही त्यांनी हे यंत्र पास केलं असतं. अंगठा बटणावर होता आणि तो दाबावा असं त्यांना फार वाटत होतं. समोर नुसतं पांढरं होतं. कुठेतरी काहीतरी चमकत असणार, आणि ते त्यांच्यापर्यंत येत नव्हतं.

बाहेर बाकावर बायको कान देऊन बसली होती. आतून आवाज येत नव्हता.

“आजोबा,” बाईंनी हळूच विचारलं, “बटण दाबताय ना?”

“नाही,” क्रेनवाले म्हणाले. “दिसलं की दाबेन.”