नवशाचं अभिनंदन

मला उशीर खपत नाही. एसटी दहा मिनिटं मागे झाली की मी स्टँडवर येरझाऱ्या घालतो, कुकरची शिट्टी लांबली की स्वयंपाकघरात डोकावून येतो. बायको म्हणते, तुमच्या बुडाखाली कोणी तरी निखारा ठेवलाय. म्हणूनच की काय, आमच्या बी.ए.च्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला तेव्हा सगळ्यांनी मलाच अ‍ॅडमिन केलं. किन्हवलीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर मशीनपाशी उभा असतो आणि मोबाइल हातातच असतो. ग्रुपवर काही पडलं की दोन मिनिटांत उत्तर देणारा मी, आणि 'वाचता तर उत्तर द्यायला काय होतं' म्हणून इतरांना झापणाराही मीच.

शहाण्णव साली मुरबाडच्या कॉलेजातून आम्ही एकतीस जण बाहेर पडलो आणि पांगलो. एकोणतीस वर्षांनी ग्रुपवर भेटलो तेव्हा जो तो आपापलं सांगायला लागला. अनिल धसईला भाताचा व्यापार करतो. नम्रता डोंबिवलीत शिक्षिका आहे. कोणाचा मुलगा कॅनडाला, कोणाची बायपास, कोणाचा नवा फ्लॅट. आणि या सगळ्यात मध्येच कधी तरी नवशाचं यायचं, तीन-तीन चार-चार दिवस शिळं. दिवाळीच्या शुभेच्छा भाऊबीज होऊन गेल्यावर. वाढदिवसाच्या शुभेच्छा केक संपून गेल्यावर. पोरं हसायची. पोरं म्हणजे आम्हीच, पन्नाशीला टेकलेले.

नवशा सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. पाड्यातला पहिला ग्रॅज्युएट. सोमवारी पहाटे डोंगर उतरून कॉलेजला यायचा आणि शनिवारपर्यंत वेखंडे सरांच्या ओटीवर राहायचा. सर आम्हाला मराठी शिकवायचे. नवशाची वही ते वर्गात बाकाबाकावरून फिरवायचे आणि माझ्याकडे आली की म्हणायचे, "शेखर, नुसती उतरवू नकोस, वाच." मी उतरवूनच घ्यायचो. माझी बी.ए. नवशाच्या अक्षरातली आहे, हे मी कोणाला सांगत नाही.

त्याचं पुढं मोठं काही होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तलाठ्याची परीक्षा दिली, ग्रामसेवकाची दिली. एकदा मुलाखतीचं पत्र आलं, पण ते पाड्यावर पोचेपर्यंत मुलाखतीची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. त्यानंतर चार वर्षं पाड्यातल्या पोरांना शिकवलं, मग शेती. पावसाळ्यात भात आणि नागली, हिवाळ्यात वाल. हे मला कसं माहीत, तर मागं एकदा तो स्वतःचा दाखला झेरॉक्स करायला दुकानात आला होता. मी घाईत होतो. चहा पाजायचा राहूनच गेला.

गेल्या जूनमध्ये अनिलचे वडील गेले. सकाळी नऊला अनिलनं ग्रुपवर टाकलं, 'आमचे बाबा आज पहाटे आम्हाला सोडून गेले.' सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. आणि नऊ-वीसला त्या जोडलेल्या हातांच्या खाली नवशाचा मेसेज पडला.

'हार्दिक अभिनंदन. बातमी वाचून फार आनंद झाला. असे प्रसंग तुमच्या घरी वरचेवर येवोत.'

ते नम्रतासाठी होतं. तिच्या मुलीचं लग्न ठरल्याचं तिनं पाच दिवसांपूर्वी टाकलं होतं. पण हे कळायला डोकं थंड लागतं, आणि माझं तापलं होतं. दोघांतिघांनी लिहिलं, 'हा काय प्रकार आहे?' कोणी लिहिलं, 'अ‍ॅडमिन झोपलाय का?' अ‍ॅडमिन झोपलाय म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी नवशाच्या नावावर बोट दाबलं आणि त्याला काढून टाकलं. दहा-बारा अंगठे आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी नम्रताचा फोन आला. "अरे, ते माझ्यासाठी होतं. घे त्याला परत." मी म्हटलं, घेतो. दोन दिवस जाऊ देत, लोक विसरू देत. मग दाखल्यांचा सीझन आला, दुकानात रांगा लागल्या. मग वाटलं, आता घेतलं तर काय सांगायचं त्याला? जितके दिवस जात होते तितकं ते बोट जड होत होतं. दोन मिनिटांत उत्तर देणाऱ्या माणसानं आठ महिने घालवले.

फेब्रुवारीत स्नेहसंमेलन ठरलं. वेखंडे सरांना बोलवायला मी त्यांच्या मुरबाडच्या घरी गेलो. सर ब्याऐंशीचे, काठीशिवाय उठता येत नाही, पण नजर तशीच. त्यांनी पत्रिका वाचली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "नवशा येणार का?"

"येणार की, सर."

"बाकीच्यांचं मला कळत असतं. कोणी ना कोणी मोबाइल दाखवतं. नवशाचं काही कळत नाही. त्याच्या तोंडून ऐकायचंय, कसं चाललंय त्याचं. त्याला माझ्या शेजारी बसव."

मी "हो" म्हणून उठलो. त्याच रात्री जेवणाचं ठरवायला अनिलचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "नवशाला कोण सांगनार? मेसेज टाकून उपेग नाय. त्याला भेटतच नाय येळेवर. तो आलेला ना बाबांच्या दहाव्याला. ग्रुपमधला तो एकटाच."

"काय बोलला?" मी विचारलं.

"काय नाय बोलला. पाऊस होता, सैपाकाची लाकडं भिजलेली. फोडीत बसला दुपारपर्यंत. जेवला नि गेला."

अनिलनं तो मेसेज पाहिलाच नव्हता. एवढ्या जोडलेल्या हातांत तो वर कुठं तरी निघून गेला होता. आणि दहाव्याला मी गेलो नव्हतो. धसई माझ्यापासून किती लांब, तर एसटीनं दीड तास.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. एका बाईच्या रेशनकार्डाच्या मी चाळीस प्रती काढल्या, तिला चार हव्या होत्या. जेवताना उठायचो, फोन बघायचो, परत बसायचो. शेवटी बायको म्हणाली, "जाऊन या एकदाचे. निदान घरात तरी एका जागी बसाल." संमेलन रविवारी. मी गुरुवारी निघालो.

मुरबाड, तिथून म्हसा, म्हशाहून जीप, आणि जीप थांबते तिथून पुढं तासभर चढ. म्हसा सोडलं की फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या. मी तरी सारखा बघतच होतो. वाटेत काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. ग्रुपमध्ये काही तरी बिघाड झाला होता, असं सांगायचं ठरवलं. मग वाटलं, खरं सांगावं. मग वाटलं, त्याला कळलं तरी असेल का? साधा माणूस, त्याला वाटत असेल ग्रुप बंद पडला. या शेवटच्या विचारानं मला फार धीर आला.

घरी त्याची बायको हिराबाई होती. तांब्याभर पाणी देऊन म्हणाली, "ते वर गेलेत, कातळावर. रेंज आनाया."

पाड्याच्या वर, वीस मिनिटांच्या चढावर एक सपाट कातळ आहे. नवशा तिथं उकिडवा बसला होता आणि पुढ्यात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती. पिशवीत आठ-दहा मोबाइल. पाड्यातले सगळे. रोज सकाळ-संध्याकाळ तो ते वर घेऊन यायचा, कातळाच्या कडेला एका ओळीत मांडायचा आणि रेंज येण्याची वाट बघायचा. कधी कधी तीन-तीन दिवस ती यायचीच नाही. कोणाच्या पोराचा भिवंडीहून निरोप, कोणाचा गॅसचा नंबर, कोणाची दवाखान्याची तारीख. खाली जाऊन ज्याचं त्याला वाचून दाखवायचा. केस पांढरे झाले होते, बाकी तसाच, वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा तसा.

"शेखर," तो म्हणाला, जणू मी रोज येतो. "बस. पन त्या दगडावर नको, तिथंच रेंज येते."

मी उभाच राहिलो. संमेलनाचं सांगितलं, सरांचं सांगितलं. सर म्हणाले शेजारी बसव, हे ऐकल्यावर त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला.

"येतो," तो म्हणाला. "रविवारी सकाळी उतरतो."

इथं मी थांबायला हवं होतं. पण मला कुठं थांबवतं. "आणि ते ग्रुपचं, नवशा, काय झालं की मधे जरा—"

त्यानं ओळीतला स्वतःचा फोन उचलला, अंगठ्यानं दोन-तीनदा सरकवला आणि माझ्यासमोर धरला. आमचा ग्रुप होता. सगळ्यात खाली, जूनच्या तारखेला, एक ओळ होती. शेखरने तुम्हाला काढून टाकले.

"तवाच वाचलं," तो म्हणाला. "अनिलच्या बाबांचं वाचलं, खाली माजं अभिनंदन बघितलं, नि म्हनलं आता माफी मागावी. लिवाया गेलो तर तिथं लिवाया जागाच नव्हती."

"चुकलो रे मी," म्हटलं. हे तीन शब्द बोलायला मला आठ महिने आणि तीन गाड्या लागल्या होत्या.

"मी घरात बसून लिवतो," तो सांगू लागला, तक्रार म्हणून नव्हे, काम समजावून सांगावं तसं. "नीट लिवायला टाइम लागतो. दाबून ठेवतो. वर आलो का आपोआप जातं. तवर तुमच्याकडं काय घडलंय ते मला काय ठाव."

मी फोन काढला. "आत्ता घेतो तुला परत. ह्या मिनिटाला."

"नको." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "परत उशीर व्हईल. परत कोनाच्या मरनावर माजं अभिनंदन पडंल. त्यापेक्षा मी येतो. तोंडानं बोललेलं येळेवर पोचतं."

त्याचं मन वळवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. ऐकला नाही. घरी येऊन आम्ही भाकरी आणि वालाची आमटी जेवलो. हिराबाईनं दुसऱ्यांदा वाढलं. इतक्या दिवसांनी मी एका जागी बसून पोटभर जेवलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि ते सगळ्यांना कधी सांगीन असं झालं होतं. तिथंच जोत्यावर बसून लिहिलं.

'मित्रांनो, आजचा दिवस फार आनंदाचा! जे व्हायला हवं होतं ते अखेर झालं. रविवारी जोरात साजरं करू!' पुढं फुगे टाकले, फटाके टाकले आणि दाबलं. मेसेजशेजारी छोटंसं घड्याळ दिसत राहिलं. म्हटलं, जाईल वाटेत.

साडेतीनला म्हशाच्या स्टँडवर उतरलो. मुरबाडची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आणि खिशात फोन थरथरायला लागला, थांबेचना. काढून बघितलं. दुपारी एक वाजता नम्रतानं टाकलं होतं, 'आपले वेखंडे सर आज दुपारी गेले. अंत्यविधी उद्या सकाळी नऊ वाजता. त्यांची मुलगी नागपूरहून निघाली आहे.' खाली सगळ्यांचे हात. आणि त्या हातांच्या खाली, तीन एकतीसला, माझा आनंद, माझे फुगे, माझे फटाके.

माझ्या डोळ्यांदेखत खाली उत्तरं पडत होती. 'शेखर???' 'शुद्धीवर आहेस का?' 'लाज वाटते तुझ्याबरोबर शिकलो याची.'

मी लिहायला बोट उचललं. काय लिहिणार होतो? सर म्हणाले होते, शेजारी बसव. त्याच दिवशी मी हा डोंगर चढलो असतो तर नवशा कधीच त्यांच्या ओटीवर जाऊन बसला असता. मी कारण काय लिहिणार होतो, रेंज नव्हती? कंडक्टर म्हणाला, "काका, आत या नायतर बाजूला व्हा." मी बाजूला झालो. आयुष्यात पहिल्यांदा समोरची गाडी मी जाऊ दिली.

संध्याकाळी नवशा कातळावर जाईल तेव्हा त्याला फोन लावता आला असता. लागला असता, नसता. पण हे मला तोंडानंच सांगायचं होतं. डोंगराकडं जाणारी जीप धरली. दुसऱ्यांदा तो चढ चढताना गुडघे बोलत होते, धाप लागली होती, तरी मी थांबलो नाही.

नवशा पिशवी घेऊन कातळाकडं निघालाच होता. मला बघून अंगणात थांबला. "काय इसरला?"

"काय नाय इसरलो," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात घरची बोली आली. "सर गेले रे. दुपारी."

तो तिथंच जोत्यावर बसला. हिराबाई दारात आली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. मग त्यानं विचारलं, "जेवलेले का?"

मला माहीत नव्हतं. "उद्या नऊला नेनार," एवढंच सांगितलं. आणि मग, कशासाठी कोण जाणे, फोन काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं नम्रताचं वाचलं. खाली सरकून माझं वाचलं. फुगे बघितले. मला वाटलं, आता हा हसेल, हसला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं फोन परत दिला आणि माझ्याकडं काळजीनं बघून विचारलं, "मंग, तुला काढला का त्यांनी?"

"मला कोन काढनार?" मी म्हणालो. "अ‍ॅडमिन मीच हाय."

नवशानं मान हलवली. मोबाइलची पिशवी हिराबाईच्या हातात दिली, कोणाकोणाचा निरोप यायचाय ते तिला एकेक नाव घेऊन समजावलं. आत जाऊन धुतलेला सदरा घालून आला, पायांत चपला सरकवल्या.

"चल," तो म्हणाला. "उजेड हाय तवर उतरू."