हळदीची लाल पट्टी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नातीला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते.

मी एकदा साबणात कॉस्टिक सोडा घातला, आमटीत मीठ घालावं तसा. अंदाजाने. हसा, हसा. तेव्हा मी बचत गटाची अध्यक्ष होते, बिल्ला लावून फिरायचे, आणि माझ्या हाताचा अंदाज कधी चुकत नाही अशी माझी ठाम समजूत होती. वय पन्नाशीचं — अक्कल अजून पाळण्यात.

आमचा गट भांड्यांचा पातळ साबण करायचा. दापोलीहून एसटीने येणाऱ्या एका तरुण मॅडमनी तो शिकवला होता — रिठा, आणि नारळाच्या तेलापासून बनवलेलं एक सौम्य द्रव्य. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे मोरीचं पाणी अळवाला, केळीला जातं. जे अळवाला चालणार नाही ते बाटलीत घालायचं नाही. बाटलीवर आम्ही छापलं, 'हाताला सौम्य, अळवाला सुखरूप'. ती ओळ माझी. केवढी मिरवली मी ती!

पण बांगडे तळलेल्या तव्यावर फेस विरायचा. बायका म्हणायच्या, वैनी, तुमचा साबण लाजतो. मला ते लागलं — इतकंच झालं. मॅडमना विचारता आलं नसतं का? पण अध्यक्षाने विचारायचं? मी चिपळूणच्या बाजारातून ॲसिड स्लरी आणली, बाजारी साबणात फेसासाठी घालतात ते रसायन. काकवीसारखी दाट, आणि फेस म्हणाल तर मावत नाही. तिचा जहालपणा मारायला सोडा घालावा लागतो, मोजून. मी कसा घातला ते सांगितलंच.

इथे थांबले तर तुम्ही म्हणाल, चुकली बिचारी. म्हणून थांबत नाही.

मॅडमनी एक परीक्षा शिकवली होती. प्रत्येक घाण्याला हळद लावलेल्या कागदाची पट्टी बुडवायची. पिवळी राहिली तर ठीक. लाल झाली तर सोडा जास्त झालाय, माल द्यायचा नाही. मी पट्टी बुडवली. ती लाल झाली — जांभ्या दगडासारखी.

मी ती पाहिली. बचत गटांच्या मालाचं प्रदर्शन दोन दिवसांवर होतं, धुतलेल्या बाटल्या अंगणात ओळीने उभ्या होत्या. पट्टी चुलीत टाकली. वहीत लिहिलं, पिवळी. बाटल्या भरल्या. आणि आमच्या मोरीवर? तिथे जुन्या घाण्यातली बाटली ठेवली. मग मला कळत नव्हतं, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

फेस काय आला म्हणता! प्रदर्शनात मी फुगले. एसटी स्टँडजवळच्या खानावळीने माझ्या शब्दावर बाटल्या नेल्या. तिथे आमच्या वाडीतली शेवंती भांडी घासायची. नवरा मुंबईत, पण त्याचं असणं-नसणं सारखंच. तिचं घर त्या भांड्यांवर चालायचं.

तीन आठवड्यांनी ती माझ्या पडवीत आली. बोटांच्या पेरांना चिरा, तळहाताची सालं निघालेली. मी त्या हातांकडे पाहिलं, आणि काय वाटलं? काही नाही. खरंच, काही नाही. ती लाल पट्टी डोळ्यांपुढे आली आणि गेली. मी म्हटलं, रिठा सगळ्यांना सोसतोच असं नाही, तुझी कातडी नाजूक असेल. वर वाटीभर खोबरेल दिलं. दानशूर मी.

पुढचे घाणे मी गुपचूप जुन्या पद्धतीने केले. फेस का कमी झाला असं कुणी विचारलं, तर यंदाचा रिठा हलका, म्हणून मोकळी. पण खानावळीतल्या बाटल्या परत मागवल्या नाहीत. मागवल्या असत्या तर कारण सांगावं लागलं असतं. त्या संपेपर्यंत शेवंती त्यांनीच भांडी घासत राहिली. थंडीत तिची बोटं मिटेनाशी झाली आणि तिचं काम गेलं. आता ती चिपळूणला लेकीकडे असते.

माझी नात दुकानात प्रत्येक बाटलीवरची बारीक अक्षरं वाचते. म्हणते, आजी, तुमचा गट किती पुढचा विचार करत होता. मी हं म्हणते.

त्या दिवशी खोबरेलाची वाटी घेऊन शेवंती पायरी उतरली, आणि परत वळली. हात पदराखाली घेतलेले. म्हणाली, "वैनी, तुमचा साबण बरा हाय, माजीच कातडी खोटी. कुणाला सांगू नका हां, नायतर मला भांड्यांवरनं काढतील."