मामांच्या पुलावरची बाई

नाशिक जिल्ह्यातले पूल बांधले कुणी, हे सरकारला विचारावं. पण त्या पुलांवर राहतं कोण, हे फक्त माझ्या बायकोच्या मामांना विचारावं. घोटीच्या वाटेवर त्यांची झेंडूची शेती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या घरचा जावई झालो, तेव्हा बाकीच्या नातेवाइकांनी मला पगार विचारला. मामांनी विचारलं, "जावईबापू, तुमच्या गावाला पूल हाय का?" आहे म्हणालो. "मग कोण असतं त्याच्यावर?" कुणीच नाही म्हटल्यावर त्यांना माझ्या गावाची मनापासून कीव आली.

भुतांच्या बाबतीत मामा अत्यंत काटेकोर. इंग्रजांच्या काळातल्या दगडी पुलावरचं भूत खानदानी, नव्या सिमेंटच्या पुलावरचं कंत्राटी, आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या पुलावर कुणी मुक्कामच करत नाही, असं त्यांचं मत. गोष्ट ते घरी बसून कधी सांगत नसत. फुलांचा टेम्पो थेट पुलावर उभा करायचा, चपला काढायच्या आणि मागे हॉर्नचा गोंधळ चाललेला असताना शांतपणे सुरुवात करायची. तीही भर दुपारी. "रात्री काय, कुणीबी भितं. त्यात कसब काय?" एकदा शिव्या द्यायला उतरलेला ट्रक ड्रायव्हर गोष्ट संपेपर्यंत कठड्याला टेकून उभा राहिला आणि जाताना मामांना तंबाखू देऊन गेला.

पण त्यांचा खरा जीव गावाजवळच्या दगडी पुलावरच्या बाईवर. हिरवी साडी नेसलेली ही बाई गाडीला हात करते, गाडीत बसते, आणि पूल संपायच्या आत गाडी हलकी होते. "इतकी वर्षं झाली, पलीकडं एकदाबी पोचली नाय बिचारी," हे सांगताना मामांचा आवाज खरोखर कातर व्हायचा. माझी बायको एकदा म्हणाली, "मामा, गेल्या वेळी साडी पिवळी होती."

"मग? तिनं काय एकाच साडीवर दिवस काढायचे?"

फुलांच्या प्रत्येक तोडणीतली पहिली माळ ते हळदकुंकू वाहून त्या कठड्यावर ठेवत आणि मगच पंचवटीच्या बाजाराकडे निघत.

पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं. शेजारी नवा पूल झाला आणि जुना पाडायची वेळ आली. मामांचं जेवण सुटलं. "बाई जायची कुठं?" एवढंच विचारत. पाडकामाच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्यासोबत गेलो, तर निराळाच प्रकार. कठड्यावरची आदल्या दिवशीची माळ आणि हळदकुंकू पाहून मजुरांनी हात जोडले होते आणि काम बंद ठेवलं होतं. तरुण इंजिनिअर टेम्पोपाशी आला. "बाबा, माळ तुमची ना? देवी आहे का इथं? असेल तर तेवढा कठडा ठेवतो, चौथरा बांधून देतो."

मी मामांना कोपरानं ढोसलं. नुसतं हो म्हणायचं होतं. उभ्या आयुष्यात साध्या गोष्टीला चार शेपट्या जोडणाऱ्या माणसाला एक 'हो' काय जड?

"देवी नाय साहेब," मामा म्हणाले. "देवी म्हणलं की तुम्ही तिला इथंच बसवून ठेवणार. तिला पलीकडं जायचंय. नव्या पुलावरनं नेऊन सोडतो, तेवढं थांबा."

मला त्यांनी मागे झेंडूच्या क्रेटांत बसवलं. पुढचं दार उघडलं आणि वयस्कर माणूस चढताना धरतात, तसं धरून ठेवलं. एकही मजूर हसला नाही. टेम्पो नव्या पुलावरून इतका सावकाश गेला की मागे गाड्यांची रांग लागली. पलीकडे पोचल्यावर मामांनी उतरून पुन्हा ते दार उघडलं आणि उभे राहिले. खूप वेळानं लावलं.

"बसा आता पुढं जावईबापू," ते टोपीनं तोंड पुसत म्हणाले. "उतरली."

मी भुतंबितं मानत नाही. तरी राहू द्या म्हणालो आणि पंचवटीपर्यंत मागे फुलांतच बसून गेलो.