दर्शनीच्या मानेचं माप

जुळे सोलापुरात माझ्या नातीचा दातांचा दवाखाना आहे. पाटीवर डॉक्टर प्रियदर्शनी, घरात दर्शनी. मी मंद्रूपहून एसटीनं येतो आणि तिथल्या बाकावर बसून पेशंटांना गोष्टी सांगतो. चौथीपर्यंतच शिकलो, पण तोंड कधी बंद पडलं नाही.

दातांची विद्या तशी आमच्या घरातलीच. मेंढरू विकत घेताना आम्ही आधी त्याचा ओठ उचलतो आणि दातांवरून वय ओळखतो; मोठे दात जास्त, तेवढं वय जास्त. दर्शनी सहा वर्षांची होती तेव्हा बाजारात एका व्यापाऱ्याला म्हणाली होती, "काका, ही दोन दाती न्हाय, चार दाती हाय. आमाला फसवताय व्हय?" सगळा बाजार हसला. मला तर तिला खांद्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

तीच पोरगी गेल्या दिवाळीत चहाचा कप हातातून पडल्यावर त्या तुकड्यांकडं नुसती बघत राहिली. मग दार लावून मला म्हणाली, "आज्जा, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतंय. हाडांचे डॉक्टर म्हणतात, मानेतली शीर दबलीय. नऊ वर्षं वाकून काम केलं ना. असंच वाकत राहिले तर वर्ष-दोन वर्षांत हात ड्रिल धरणार नाही."

"मग?"

"मग काय? पेशंटच्या जिभेशेजारी ड्रिल फिरत असताना हात सुटला तर?"

त्या दिवसापासून माझ्या गोष्टी बिघडल्या. आतून ड्रिलचा आवाज यायचा आणि मधेच थांबला की मी गोष्ट विसरायचो. थांबला तो काम झालं म्हणून, की हात सुटला म्हणून?

हाडांच्या डॉक्टरांनीच तिला भिंगाचा चष्मा घ्यायला सांगितलं. त्याला लूप म्हणतात. चष्म्याच्या काचेत दोन छोट्या दुर्बिणी खाली कललेल्या असतात. मान ताठ ठेवायची, नजर तेवढी खाली टाकायची, की दात मोठा दिसतो. गुरुलिंग नावाचा विक्रेता दोन पेट्या घेऊन आला. दर्शनीनं आधी सगळ्यात मोठं दाखवणारा लूप डोळ्याला लावला आणि लगेच काढला.

"एकच दात दिसतो. डोकं जरा हललं की तोही गायब. गरगरतंय मला."

"पहिल्यांदा घेणाऱ्यानं अडीच पटीचाच घ्यावा, मॅडम," गुरुलिंग म्हणाला. "सगळं तोंड दिसतं. आता तुमच्या डोळ्यापासून दातापर्यंतचं माप घेऊ. त्या मापाला कारखान्यात भिंग काचेत बसवतात. एकदा बसवलं की हलत नाही."

"आन् माप चुकलं तर?" मी विचारलं.

"तर नवीन घ्यायचा, आजोबा!" तो हसला. आम्ही दोघं हसलो नाही.

मापाला तोंड हवं होतं. मी खुर्चीवर आडवा झालो.

"मॅडम, रोज करता तसंच काम करा."

दर्शनीनं माझ्या गालात कापूस भरला, आरसा घेतला आणि वाकली. नातीला मी असं खालून कधी बघितलं नव्हतं. मास्कच्या वर नुसते डोळे. तिचा श्वास माझ्या कपाळावर येत होता. आरसा माझ्या दाढेवर टकटक वाजत होता. गुरुलिंगनं टेप लावला. "चौतीस सेंटीमीटर," म्हणाला आणि वहीत लिहिलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा रोजच्यासारखं काम करा म्हणाला, आणि ती रोजच्यासारखी वाकली. चौतीसला भिंग बसवलं, तर स्पष्ट दिसायला तिला रोज चौतीसवरच यावं लागणार. तिचं वाकणं त्या काचेत कायमचं बसणार! बोलायला गेलो तर नुसतं "आं, आं" निघालं.

"हलू नका, आज्जा."

तिच्याकडं दुखलं की डावा हात वर करायचा, असा नियम आहे. मी हात वर केला. तिनं आरसा झटकन बाहेर ओढला.

"लागलं? कुठं लागलं? माझा हात सुटला का, आज्जा?"

कापूस निघेना. ती आपली बोटं बघत उभी, आणि मी तोंडात बोटं घालून चाचपडतोय. तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांत जे दिसलं, ते मला पुन्हा बघायचं नाही. शेवटी कापूस निघाला.

"लागलं न्हाय गं! तू वाकलीस, आन् हे पोरगं त्या वाकण्याचं माप घेतंय."

"आजोबा, मी शेकडो डॉक्टरांची मापं घेतलीत."

"घेतली असशील की. त्यातल्या किती जणांची मान दुखायची थांबली, इचारलंस कदी?"

गुरुलिंगनं टेप गुंडाळला, पुन्हा सोडला. मग दर्शनीचं स्टूल वर झालं, माझी खुर्ची तिच्या कोपरापर्यंत आली, तिची पाठ टेकली. मान सरळ. "बेचाळीस," तो हळूच म्हणाला आणि चौतीस खोडलं.

"इथून मला सगळं धूसर दिसतंय," दर्शनी म्हणाली. "म्हणून तर वाकत होते. चष्मा येऊनही नाही दिसलं तर?"

मी तिचा हात धरला. करंगळी गार होती.

लूप यायला पाच आठवडे लागले. तोवर ती फक्त दात साफ करायची, अवघड कामं दुसरीकडं पाठवायची. लूप आला तेव्हा पहिली पेशंट आमच्या मंद्रूपची शिवबाई, खालच्या दाढेचं रूट कॅनाल. मी अर्ध्या उघड्या दारातून दर्शनीची मान बघत होतो. एकदा खाली गेली. पण लगेच वर आली. पुढं चाळीस मिनिटं सरळ. मग ड्रिल थांबलं. आत काहीच आवाज नाही. मी दाराची कडी घट्ट धरली.

"थुंका, मावशी," दर्शनीचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा नाकावर चष्म्याचे लाल वळ होते. अंगठ्यानं ती करंगळी दाबत होती.

"मुंग्या आल्या?"

"आल्या. पण अगदी शेवटी. आधी दहा मिनिटांत यायच्या." "पूर्ण जाणार की नाही, ते ठाऊक नाही, आज्जा."

तिनं हात दोनदा झटकला, नवे हातमोजे चढवले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.