बुराडी घाटावरची निळी टाकी

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. दाजी गेले, असं ती म्हणाली. मी दिल्लीतच, मुनिरक्याहून निघालो आणि द्वारकेला ताईच्या घरी पोचलो. डॉक्टर येऊन गेले होते. दाजींना पलंगावर ठेवलं होतं. त्यांच्या उजव्या अंगठ्याला गोंद लागून वाळला होता. ताई ओल्या कापडाने तो पुसत होती आणि तो निघत नव्हता. "राहू दे गं," मी म्हणालो. "राहू दे कसं? असेच जाणार का हे, बरबटलेल्या हातांनी?" ती म्हणाली, आणि पुसत राहिली...

माधव केसकर, माझ्या ताईचे यजमान. केंद्र सरकारच्या खात्यात नोकरी, तीही नद्यांचं पाणी मोजण्याची. पावसाळ्यात यमुना फुगली की ते दिवसदिवस काठावर असत. तिथे त्यांना नदीचं वेड लागलं, आणि नदीमागून इतिहासाचं. बुराडीच्या घाटावर, अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या संक्रांतीच्या दिवशी, अफगाणांना नदी उतरू न देण्यासाठी आपली माणसं लढली आणि पडली, हे प्रत्येक मराठी मूल शाळेत शिकतं. पण तो घाट दिल्लीच्या आत आहे, आपण रोज जातो त्या रिंगरोडपासून फार लांबही नाही, हे दिल्लीतल्या किती मराठी घरांना ठाऊक असतं? मी आयुष्यभर एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम केलं, पुस्तकांत ती लढाई अनेकदा वाचली. बुराडी म्हणून डोळ्यांसमोर काही येत नसे. दाजींनी मला एकदा तिथे नेलं. गल्ल्या, विटांचे ढीग, शिकवण्यांच्या पाट्या, म्हशी. "कुठे झाली लढाई?" मी विचारलं. ते हसले. "नेमकं कोणीच सांगू शकत नाही, सुधीरराव. नदी सरकली. तुम्ही उभे आहात तिथे तेव्हा पाणी असेल, किंवा शेरणीचं गवत. पण याच टापूत."

मी वयाने लहान, तरी ते मला सुधीरराव म्हणत. चेष्टेने सुरू झालेलं, मग तेच नाव झालं.

निवृत्तीनंतर त्यांनी तो टापू घरात आणला. मागच्या खोलीत प्लायवुडच्या तीन फळ्या जोडून नदीचं पात्र तयार केलं. हिवाळ्यातली यमुना, उथळ, मधे वाळूची बेटं, आणि बेटांवर पुरुषभर उंच गवत. ते गवत म्हणजे फुलझाडूचे कापलेले तुरे. ताई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे झाडू टिकत नाही. लक्ष्मीचे तुकडे करून हे नदीत रोवतात." त्या गवतात बोटभर उंचीचे धातूचे सैनिक लपत. कारण हा नुसता देखावा नव्हता, हा खेळ होता. फासे टाकायचे, सैनिक पुढे सरकवायचे. मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याला गवतात कोण आहे ते दिसत नसे. तो बेटाला भिडला की मगच दाजी तुरे बाजूला करून दाखवत. अफगाणांच्या बाजूने ते स्वतः खेळत, नेहमीच. द्वारकेतल्या मराठी मंडळींना त्यांनी हौसेने बोलावून पाहिलं, पण ती बाजू घ्यायला कोणी तयार होईना. "अहो, कोणीतरी समोर बसल्याशिवाय लढाई होईल कशी?" असं म्हणून दाजी मुकाट्याने पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसत. गंमत अशी की जिंकले की तेच खट्टू होत.

पटावर सरदारांच्या नावाची एकही चिठ्ठी नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नावं सगळ्यांना पाठ आहेत. जागा कोणाला माहीत आहे?" त्यांना एवढंच हवं होतं, की त्या टापूत जी थोडी मोकळी जमीन उरली आहे ती राहावी, तिथे एक दगड लागावा, आणि वर्षातून एकदा, संक्रांतीला, चार माणसांनी तिथे यावं. त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे चहा मिळाला. मग कोणीतरी सांगितलं की गुरुग्रामला दरवर्षी युद्धखेळांचा मेळावा भरतो, जिथे पोरं असेच सैनिक घेऊन जमतात. दाजींना वाटलं, आपली माणसं तिथे भेटतील.

मी दरवर्षी बरोबर जायचो. फळ्या चादरीत गुंडाळून टॅक्सीत ठेवायच्या हे माझं काम. एका टॅक्सीवाल्याने विचारलं होतं, "अंकल, ये क्या है, मंदिर का मॉडल?" दाजी म्हणाले, "जमना जी हैं." तो बिचारा दचकला. "जमना मैया को डिक्की में डालोगे?" मग त्याने आपणहून मागची सीट आडवी करून दिली, आणि आम्ही दोघं पुढे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे गुरुग्रामला पोचलो.

मेळावा म्हणजे एका उंच सोसायटीच्या क्लबहाऊसचा हॉल. टेबलांवर रणगाडे, परदेशी राजांच्या फौजा, राक्षस, उडते साप. ऑफिसात कामं करणारी तरुण मुलं-मुली तासनतास फासे टाकत. आमचं टेबल कोपऱ्यात, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. त्यामुळे येणारेजाणारे बरेच, थांबणारे थोडे. "अंकल, ये तो सिर्फ घास है," एक जण म्हणाला होता. दाजी उत्साहाने म्हणाले, "बिल्कुल! वही तो मुसीबत थी!" पण तोवर तो पुढे गेला होता. जे थांबत ते खेळत, आणि थेट गवतात शिरत. गोष्ट ठाऊक असल्यामुळे प्रत्येकालाच ती बदलायची घाई असे. बहुतेक सगळे हरत. मग दाजी त्यांना टेबलामागचा फलक दाखवत. त्यावर त्यांनी स्वतः काढलेला मोठा फोटो होता. पुढे शेताची पट्टी, मागे घरांची रांग. खाली हिंदीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'रणभूमि पर अतिक्रमण रोको'.

या दिवाळीनंतरचा मेळावा त्यांचा शेवटचा. दुपारी एक मुलगी टेबलाशी थांबली. तिशीच्या आतली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात स्वतः रंगवलेल्या सैनिकांची पेटी. नाव नीतू. पटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अच्छा, ये बुराड़ी है? मैं वहीं रहती हूँ." दाजींचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत त्या गावचं पहिलं माणूस! त्यांनी तिला नदी कशी सरकली ते सांगितलं, उतार कुठे असेल ते, आणि त्या सकाळी धुकं किती दाट होतं तेही सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मग तिची नजर फलकावर गेली. ती जवळ गेली, फोटोवर बोट ठेवलं.

"ये नीली टंकी हमारी है."

दाजी वाकून फोटो पाहू लागले.

"पापा ने गाँव का खेत बेचकर बनाया था ये घर. हर चुनाव में बोलते हैं कॉलोनी पक्की कर देंगे, काग़ज़ मिल जाएँगे. और हर बार कोई आकर नापकर जाता है, तो मम्मी रात भर सोती नहीं." आवाजात राग नव्हता. तिने ती ठळक अक्षरं पुन्हा वाचली. "तो अंकल, आप हमें हटाना चाहते हैं?"

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नहीं बेटा... ऐसा नहीं है," म्हणाले. पण फलकावर तसंच होतं. तिलाही ते कळत होतं, आणि दाजींची फजिती बघवेना म्हणून की काय, तीच खुर्ची ओढून बसली. "चलो, खेलते हैं. मैं कौन?"

"मराठा."

तिने सैनिक काठावर मांडले. फासे टाकले. आणि गवतात शिरलीच नाही. दाजी वाट पाहत होते. प्रत्येक डावात ती आपली माणसं थोडी मागे घेई.

"बेटा, ऐसे तो वो नदी पार कर लेंगे."

"कर लें. इतने कोहरे में मैं किसी को घास में नहीं भेजती."

"पर इतिहास में ऐसा नहीं हुआ था."

"हुआ नहीं था, तभी तो सब मरे ना, अंकल? मेरे वालों को शाम को घर जाना है."

दाजी एकदम हसले. पण हसता हसता त्यांचे डोळे भरले, आणि ते गवत नीट करण्याच्या निमित्ताने पटावर वाकले. तिची सगळी माणसं पटाच्या कडेने सुखरूप बाहेर पडली. त्या टेबलावर असं प्रथमच घडत होतं.

परतताना दाजींनी फलक मांडीवर पालथा धरला होता. द्वारकेला उतरताना म्हणाले, "सुधीरराव, मी तो फोटो काढला तेव्हा त्या घरात कोणीतरी स्वयंपाक करत असेल, नाही?" दुसऱ्या दिवशी ताईने सांगितलं, फलक अडगळीत गेला. आठवड्याने त्यांचा स्वतःचा फोन आला. आवाज पुन्हा नेहमीसारखा. "थोडं गवत उपटलं मी. जागा हवी होती. आणि ऐका, मोकळी जमीनबिमीन राहू दे. आपण तिच्या वडिलांना विचारू. घराच्या भिंतीवर एक लहानशी पाटी लावू देतील का? संक्रांतीला जाऊ. तुम्ही याल ना?" त्यांनी नीतूला फोन करून येण्याचं कळवलंही होतं. पाटीचं मात्र समोर बसून विचारायचं म्हणून राखून ठेवलं. आणि त्या दुपारबद्दल काय बोलायचं, तेही बहुधा त्यासाठीच राखून ठेवलं असावं.

संक्रांतीला ताई आणि मी गेलो. या वर्षी आमच्याकडे सण नाही, तीळगूळ केला नव्हता. मी ताईला म्हणालो, नको जाऊ या, तुला झेपणार नाही. ती म्हणाली, "त्यांनी येतो म्हणून सांगितलंय." नीतूच्या आईने खिचडी वाढली, तिळाचे लाडू पुढे केले. ताई क्षणभर थांबली, मग तिने एक उचलला. आम्ही गच्चीवर गेलो. धुकं होतं. नदी दिसली नाही. नीतूचे वडील म्हणाले, साफ दिवशीही नाही दिसत, दूर चली गई. मी त्यांना पाटीचं विचारलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "लगा तो दें, भाई साहब. पर उस पर लिखा देखकर कोई ये तो नहीं कहेगा कि ये ज़मीन हमारी नहीं है?" तसं कोणी म्हणणार नाही, याची हमी दाजी असते तर त्यांनाही देता आली नसती, असं वाटतं... नीतूचे वडील शेवटी एवढंच म्हणाले, "सोचते हैं."

नंतरच्या रविवारी नीतू द्वारकेला आली. ताईने मागची खोली उघडली. दाजी गेल्यापासून तिथला केर काढलेला नव्हता, तुऱ्यांचा भुसा तसाच पडलेला. पटाच्या काठाशी, जिथलं गवत उपटलं होतं, तिथे पुठ्ठ्याचं एक घर चिकटवलेलं होतं. बोटाच्या पेराएवढं. छतावर औषधाच्या बाटलीचं निळं झाकण. दाजी गेले त्या सकाळी त्यांच्या हातात होतं ते हेच काम. नीतू वाकून बघत राहिली. मग नाक पुसत म्हणाली, "टंकी उल्टी तरफ़ लगा दी अंकल ने. हमारी तो सीढ़ी के पास है."

"काढून नीट लावू का गं?" ताईने मराठीतच विचारलं, आणि तिला ते कळलं.

"रहने दीजिए, आंटी. नदी से ऐसी ही दिखती होगी."

पाटी अजून लागलेली नाही. फळ्या द्वारकेलाच आहेत, मागच्या खोलीत, चादरीखाली. घर काठावर आहे. टाकी त्यांनी लावली त्याच बाजूला आहे.